घराला रंग काढायचाय? आधी रंगारी नीट ठरवा

शेडकार्ड घेऊन लोक आठ-आठ दिवस बसतात आणि रंगारी मात्र वॉचमनला विचारून पाच मिनिटांत ठरवतात. व्हायला हवं उलटं. शेड नाही आवडली तर वरून आणखी हात मारून ती बदलता येते. पण खाली पुट्टी (भिंत सपाट करायचा लेप) कच्ची राहिली, ओल तशीच झाकली गेली, जुना डिस्टेंपर (भुकटी सुटणारा स्वस्त रंग) न खरवडता त्यावर इमल्शन (प्लास्टिक पेंट) चढवलं, तर पुढच्या पावसाळ्यात सगळं पापुद्र्यांनी सुटतं आणि खर्च पुन्हा पहिल्यापासून. रंगाऱ्याला आपण पैसे देतो ते मुख्यतः रंगाच्या आधीच्या कामाचे: खरवडणं, भरणं, घासणं. घासाघीस करायची ती त्याबद्दल, आणि लिहून घ्यायचं तेही त्याबद्दल.

पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या साध्या फ्लॅटच्या किंवा छोट्या घराच्या आतल्या रंगकामाला धरून आहे. बाहेरच्या भिंतींचं शेवटी थोडं.

आधी भिंत तपासा

रंगाऱ्याला बोलावण्याआधी अर्धा तास स्वतः भिंतींपाशी घालवा. म्हणजे तो आल्यावर काय सांगतोय आणि काय गाळतोय, ते कळतं.

भिंतीवर कोरडा तळहात जोरात फिरवा. हाताला भुकटी लागली तर वरचा थर चुना किंवा जुना डिस्टेंपर आहे, नाहीतर रंग जुना होऊन भुसभुशीत झालाय. त्यावर मारलेली पुट्टी भिंतीला धरत नाही, भुकटीला धरते, आणि भुकटी पुट्टीला घेऊन खाली येते. असा थर पूर्ण खरवडावाच लागतो, आणि खरवडणं हे मजुरीचं काम असल्याने दरात त्याचा वेगळा उल्लेख हवा.

मग ब्लेडने भिंतीवर फुलीसारखा छेद द्या, त्यावर सेलोटेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. टेपला बारीकसे कण लागले तर चालेल. रुपयाएवढा पापुद्रा निघून आला तर जुना रंग वरच्या थरांचं वजन पेलणार नाही. हे तीन-चार ठिकाणी करा, खिडकीखाली आणि बाथरूमच्या पाठच्या भिंतीवर तर नक्कीच.

किल्लीने भिंत वाजवत जा. भरीव आवाजाच्या मधेच बोदा आवाज आला तर गिलावा विटेपासून सुटलाय. ते काम गवंड्याचं आहे. तो भाग तोडून नवा गिलावा करायचा, त्याला नीट पाणी मारायचं आणि मग तो वाळू द्यायचा. नव्या गिलाव्याला रंगाआधी किमान २८ दिवस तरी द्या. ‘चार दिवसांत वाळतो’ म्हणणाऱ्याला रंगाचं काम लवकर हातात हवं असतं.

तडे सगळे सारखे नसतात. केसाएवढ्या बारीक चिरा पुट्टीत जिरतात. बीम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथली आडवी चीर मात्र दर वर्षी परत येते, कारण काँक्रीट आणि वीट उन्हात वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. तिथे नुसती पुट्टी भरणं म्हणजे पैसे पाण्यात. चीर पत्र्याने (रंगाऱ्याच्या पातळ लोखंडी पात्याने) खरवडून व्ही आकाराची खाच करायची, धूळ झाडायची, लवचीक क्रॅक फिलर भरायचा आणि वरून फायबरच्या जाळीची पट्टी लावायची. रंगारी हे स्वतःहून म्हणाला तर त्याला निम्मे गुण तिथेच द्या.

ओल असेल तर रंगारी नंतर

घरातल्या रंगाच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी ओल असते. भिंतीवर फूटभर लांब, फूटभर रुंद जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब जमले असतील तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला दमटपणा असेल तर तो खोलीतल्या हवेचा आहे, खिडक्या उघड्या ठेवल्या की सुटतो.

भिंतीतून पाणी येत असेल तर ते कुठून येतं ते आधी शोधा: शेजारच्या बाथरूमच्या टाइल्सच्या फटी, वरच्या मजल्यावरचा नहाणीचा ट्रॅप, पश्चिमेच्या भिंतीवरचे बाहेरचे तडे, गच्ची, किंवा तळमजल्यावर जोत्यातून वर चढणारी ओल. पांढरा खार सुटलेला दिसला तर समजा पाणी आतून बाहेर येताना भिंतीतले क्षार सोबत आणतंय. अशा भिंतीला आतून वॉटरप्रूफ रंग मारला तर वर्षभर बरं दिसतं, मग त्याच रंगाचा फुगा होतो आणि फुग्यात खार भरतो. ओल जिथून शिरते तिथे बंद करायची, जिथे दिसते तिथे नव्हे.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती दुरुस्त करणं सोसायटीच्या खर्चाने होतं. बाहेरून ओल येत असेल तर आतल्या रंगाचा खर्च करण्याआधी कमिटीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि काम झाल्यावर एक उन्हाळा भिंत वाळू द्या.

कधी बोलवायचं

गणपतीआधी घर रंगवायची हौस सगळ्यांना असते, पण श्रावणातली भिंत पाणी पिऊन बसलेली असते. हवा दमट, पुट्टी वाळत नाही, रंगाऱ्याला सुतकाच्या घरासारखं गप्प बसून राहणं परवडत नाही, म्हणून तो ओल्या पुट्टीवरच प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) मारतो. दसरा ते दिवाळी तर चांगल्या रंगाऱ्याकडे पाच-पाच साइट एकाच वेळी चालू असतात. सकाळी तुमच्याकडे दोन माणसं येतात, दुपारी त्यातला एक दुसरीकडे. कोरड्या हवेचे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने आतल्या कामाला सगळ्यांत चांगले. मार्च ते मेही चालतो, फक्त एप्रिल-मेमध्ये बरेच कारागीर गावी जातात, तेव्हा आधी विचारून घ्या. दिवाळीनंतरच्या दोन आठवड्यांत दरही जरा ऐकतात.

माणूस कसा ओळखायचा

तीन जणांना बोलवा, तिघांनाही घर दाखवा. फोनवर फक्त ‘टू बीएचके’ ऐकून आकडा सांगणाऱ्याचा आकडा विसरून जा. त्याने भिंत पाहिलेली नाही.

चांगला मिस्त्री आल्या आल्या भिंतीला हात लावतो. कपाटामागे डोकावतो, छताच्या कोपऱ्याकडे बघतो, ‘पलीकडे बाथरूम आहे का?’ विचारतो. तुम्ही म्हणालात, ‘मिस्त्री, इथे दर पावसाळ्यात फुगतंय,’ आणि तो म्हणाला, ‘ताई, टेन्शन घेऊ नका, डॅम्पप्रूफ मारून देतो, गॅरंटी,’ तर हा माणूस तुमच्या भिंतीकडे नाही, तुमच्या घाईकडे बघतोय. याच प्रश्नाला ‘आधी प्लंबरला दाखवा, मग मी हात लावतो’ असं उत्तर देणारा रंगारी मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

जुनं काम दाखवायला सांगा, पण गेल्या आठवड्यातलं नको. आठ दिवसांचा रंग कोणाचाही छान दिसतो. दोन पावसाळे झालेलं घर बघा, आणि तिथे हॉल न बघता खिडकीच्या चौकटीखाली, स्विचबोर्डभोवती आणि दाराच्या वरच्या कडेवर नजर टाका. दाराची वरची कड रंगवलेली असेल तर तो माणूस न दिसणारं कामही करतो.

त्याच्याकडे माणसं किती, मुख्य कारागीर तो स्वतः की काम दुसऱ्याला देतो, हेही विचारा. ठेका घेणारा एक आणि भिंतीवर चढणारा भलताच, असं झालं की तक्रार कोणाकडे करायची हाच प्रश्न होतो. रंग कंपन्यांच्या स्वतःच्या पेंटिंग सेवा असतात. तिथे लेझरने मोजमाप, ओल मोजायचं यंत्र, धूळ ओढणारी घासण्याची मशीन मिळते आणि लेखी वॉरंटीही. दर चढा असतो. वॉरंटीचा कागद मात्र नीट वाचा, गळतीमुळे झालेलं नुकसान त्यात बहुधा वगळलेलं असतं.

मोजमाप तुम्हीच करा

दर चौरस फुटावर ठरतो, आणि चौरस फूट कोणाचे हा खरा वाद. कार्पेट एरियाचा दर वेगळा, रंगवायच्या पृष्ठभागाचा वेगळा. ढोबळ हिशेब असा की भिंती आणि छत मिळून रंगवायचा पृष्ठभाग कार्पेटच्या ३ ते ३.५ पट भरतो. ६५० चौरस फूट कार्पेटचं घर म्हणजे साधारण २,००० ते २,२५० चौरस फूट रंगकाम. स्वयंपाकघरात टाइल्स उंच असतील तर त्याहून कमी.

ढोबळावर पैसे देऊ नका, टेप घ्या. १२ बाय १० ची खोली, उंची साडेनऊ फूट. चार भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले ९.५ म्हणजे ४१८. छत १२०. एकूण ५३८. दार ७ बाय ३, म्हणजे २१. खिडकी ५ बाय ४, म्हणजे २०. हे ४१ वजा केले तर ४९७ उरतात. बरेच ठेकेदार दार-खिडक्या वजा करत नाहीत, आणि त्यालाही एक कारण आहे: चौकटीच्या आतल्या पाख्या (भिंतीच्या जाडीच्या बाजू) रंगवायला आणि कडेने ब्रशने कटिंग करायला वेळ जातो. सरकारी मोजमापाच्या पद्धतीतही ०.५ चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा वजा होत नाही आणि ०.५ ते ३ चौरस मीटरची, म्हणजे नेहमीचं दार, भिंतीच्या एकाच बाजूला वजा होते. तुम्ही कुठलीही पद्धत धरा, पण काम सुरू होण्याआधी दोघांनी मिळून टेप लावा, खोलीवार आकडे वहीत लिहा आणि खाली दोघांच्या सह्या. शेवटच्या दिवशी मोजायला काढलं की भांडण ठरलेलं.

दारांचं, ग्रिलचं, लाकडी कपाटांचं मोजमाप वेगळं. ते नगावर ठरवलेलं बरं: एक दार दोन्ही बाजू आणि चौकटीसकट इतके रुपये, एक ग्रिल इतके.

लेबर रेट की मटेरियलसकट

मटेरियलसकट दिलं की डोक्याला ताप कमी, पण डब्यात काय आहे आणि किती पातळ केलंय यावर तुमचा ताबा जातो. लेबर रेटवर, म्हणजे फक्त मजुरी ठरवून, दिलं की दुकानाच्या फेऱ्या तुमच्या, पण प्रत्येक डबा तुमच्या डोळ्यांसमोर फुटतो. घरात कोणी थांबणारं असेल तर आमचं मत दुसऱ्या पद्धतीच्या बाजूने. ज्यांना वेळच नाही त्यांनी मटेरियलसकट द्यावं, मात्र कंपनी, रंगाचं पूर्ण नाव आणि डब्याचा आकार लिहून घ्यावा. ‘चांगल्या कंपनीचा प्लास्टिक पेंट’ हे वर्णन नाही. एकाच कंपनीचे इमल्शन चार-पाच दर्जांचे असतात आणि स्वस्त-महाग यांत दुपटीहून जास्त फरक पडू शकतो.

किती लागेल याचा अंदाज आपल्याकडे हवा. २,००० चौरस फुटांसाठी:

पुट्टी, नव्याने दोन हात (म्हणजे दोन थर): किलोला १० ते १२ चौरस फूट धरा, म्हणजे १७० ते २०० किलो, ४० किलोच्या ४ ते ५ गोण्या. जुन्या रंगावर फक्त खड्डे भरायचे असतील तर २० किलोच्या एक-दोन गोण्या पुरतात.

पाण्यातला प्रायमर, एक हात: लिटरला १२० ते १४० चौरस फूट, म्हणजे २० लिटरचा एक डबा.

इमल्शन, दोन हात: लिटरला १०० ते १४०, म्हणजे १५ ते २० लिटर, त्यात छताचा पांढरा साधारण एक तृतीयांश.

ठेकेदाराच्या यादीत यापेक्षा फारच जास्त आकडा दिसला तर कारण विचारा. खरं कारणही असतं. गडद लाल, गर्द पिवळा, निळा असे रंग ज्या बेसमध्ये (शेड मिसळायच्या मूळ रंगात) बनतात त्यात पांढरं पिगमेंट कमी असतं, त्यामुळे ते झाकतात कमी आणि तिसरा हात लागतो.

आता टोकनची गोष्ट. रंगाच्या डब्यात पूर्वीपासून रंगाऱ्यासाठी टोकन येतं, हल्ली झाकणाखाली स्कॅन करायचा कोड असतो. ते पैसे किंवा पॉइंट रंगाऱ्याच्या नावावर जमा होतात. रंगारी एखाद्याच कंपनीचा आग्रह धरतो त्यामागे कधी हात बसलेला असतो, कधी टोकन असतं. टोकनवरून त्याच्याशी भांडू नका, ते त्याचंच आहे. कंपनी आणि दर्जा मात्र तुम्ही ठरवा, आणि सांगून टाका की टोकन तुम्हीच घ्या, डबा माझ्यासमोर उघडा. या एका वाक्याने बरंच काम होतं.

चमकेबद्दल एक सूचना. चमक जितकी जास्त तितका भिंतीचा उंचसखलपणा जास्त दिसतो. भिंत जुनी, लाटा असलेली असेल तर मॅट घ्या. चमकदार रंग जास्त पुसता येतो हे खरं, पण पुट्टीत काटकसर केलेल्या भिंतीवर तो प्रत्येक खड्डा ट्यूबलाइटखाली दाखवतो.

कोकणातल्या जुन्या घरात चुन्याच्या गिलाव्याच्या भिंती असतील तर सिमेंट पुट्टी आणि प्लास्टिक पेंटच्या भानगडीत न पडलेलं बरं. त्या भिंती ओल घेतात आणि सोडतात. वर बंद थर बसला की ओल आतच कोंडते. तिथे चुनाच हात देतो.

कागदावर काय हवं

करारनामा नको, वहीचं एक पान पुरे. पण शब्द नेमके असू द्या. साधारण असं:

‘हॉल, दोन बेडरूम, स्वयंपाकघर, पॅसेज. मोजमाप सोबत. सुटलेला रंग पत्र्याने पूर्ण खरवडणे. चिरा खाच करून फिलरने भरणे. सिमेंट पुट्टी दोन हात, प्रत्येक हातानंतर घासणे. पाण्यातला प्रायमर एक हात. इमल्शन दोन हात, छतासकट. स्विच प्लेट, पंखे, पडद्याचे रॉड काढून परत लावणे. फर्निचर झाकणे, फरशीवर ताडपत्री. काम संपल्यावर फरशीचे थेंब काढून झाडलोट. दर प्रति चौरस फूट अमुक, दारे नगावर तमुक. सुरू तारीख, संपायची तारीख. रोज किमान तीन माणसं.’

‘हात’ किती हा शब्द प्रत्येक ओळीत हवा. अर्धी फसवणूक हात मोजण्यात होते. जीएसटीचंही विचारा: नोंदणी असलेला ठेकेदार किंवा कंपनी असेल तर १८ टक्के वर लागतात, आणि दर सांगताना ते बहुधा धरलेले नसतात.

पैसे कामाच्या टप्प्यांवर द्या, दिवसांवर नको. सुरुवातीला १० टक्के इसार. पुट्टी घासून, तुम्ही तपासल्यावर ३५. रंगाचा पहिला हात झाल्यावर ३०. काम संपल्यावर १५. शेवटचे १० टक्के आठवडाभर थांबवून, टचअप झाल्यावर. लेबर रेटवर काम असेल तर मटेरियलचे पैसे थेट दुकानदाराला. मधेच कोणाला ‘गावी पैसे पाठवायचे’ असतात. झालेल्या कामाच्या हिशेबात बसत असेल तर द्या, त्यापुढे नम्रपणे नाही म्हणा.

सोसायटीला आधी कळवा: कामगारांची ओळखपत्रं, कामाच्या वेळा, लिफ्टमधून गोण्या न्यायची परवानगी. दुपारी घासणीचा आवाज चालत नसेल तर रंगाऱ्यालाही आधीच सांगा, नाहीतर त्याचे दोन तास रोज वाया जातात आणि तो ते कामात काढतो.

पुट्टीचे दिवस

काम चालू असताना रोज घरी थांबणं जमत नसेल तर दोन दिवस निवडा: पुट्टी कालवण्याचा आणि पुट्टी घासून झाल्याचा.

सिमेंट पुट्टी कालवताना आधी पाणी, मग त्यात पावडर हळूहळू, आणि गुठळी राहणार नाही इतकं घोटायचं. एका वेळी दोन-तीन तासांत संपेल एवढीच कालवायची. बिघडतं ते जेवणाच्या सुट्टीत. सकाळची उरलेली पुट्टी बादलीत घट्ट होते, जेवून आल्यावर तिच्यात पाणी ओतून पुन्हा मऊ केली जाते. दिसायला ती ताजीच, पण सिमेंटचा जोर तोवर संपलेला असतो. अशी पुट्टी वाळून खडूसारखी होते. दुसरी चलाखी म्हणजे पुट्टीत खडूची पावडर मिसळणं. गोण्या वाचतात, भिंत गुळगुळीतही होते, आणि वर्षभरात टाचणीच्या भोकाभोवती भुगा पडू लागतो. दोन्हींची परीक्षा एकच. एक दिवस वाळलेल्या पुट्टीवर नखाने जोरात ओरखडा काढा. फिकट रेघ उमटली तर ठीक. नखाखाली पीठ आलं तर तो भाग काढायला लावा, आणि तेही प्रायमर लागायच्या आधी.

दोन्ही हात मिळून पुट्टीचा थर दीड मिलिमीटरच्या वर जाऊ नये. मोठा खड्डा पुट्टीनेच भरला तर तो आकसून तडकतो. तो आधी गिलाव्याने किंवा जाड भरणाऱ्या फिलरने भरायचा. दोन हातांमध्ये चार-सहा तास, शेवटच्या हातानंतर रात्रभर. दमट हवेत हे सगळं दुप्पट धरा. घासायला आधी १५० किंवा १८० नंबरचा पेपर, शेवटी २२० च्या पुढचा. घासल्यावर भिंत कोरड्या फडक्याने पुसायलाच हवी. धुळीवर मारलेला प्रायमर आणि भुकटीवर मारलेली पुट्टी यांचं नशीब सारखंच.

घासून झाल्यावर संध्याकाळी खोलीतले दिवे बंद करा आणि टॉर्च भिंतीला टेकवून आडवा प्रकाश टाका. पत्र्याच्या रेघा, खड्डे, फुगवटे लांब सावल्यांसारखे उठून दिसतात. पेन्सिलने गोल करा आणि सकाळी मिस्त्रींना दाखवा. हे काम पुट्टीच्या टप्प्यावर पंधरा मिनिटांचं असतं. रंग झाल्यावर त्याच जागी टचअप केलं की तुकडा वेगळा दिसतो.

इथे घाई झाली नाही तर पुढचं सगळं सरळ आहे. प्रायमर चार ते सहा तासांत वाळतो, इमल्शनच्या दोन हातांमध्येही तेवढाच वेळ. क्रम वरून खाली: छत, मग भिंती, मग दारं आणि ग्रिल, शेवटी सगळ्याला एकदा नजर. पाणी किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं आणि रंगानुसार बदलतं, तेव्हा डबा वाचा आणि मोजायला मापाचा मग ठेवा. अंदाजाने ओतलेल्या पाण्याने दोन खोल्यांचा रंग तीन खोल्यांना पुरतो, मात्र झाकत नाही आणि पुसला की निघतो.

डबे मोजत राहा. सील तुमच्यासमोर फुटावं आणि रिकामा डबा घरातच राहावा. महाग रंगाच्या डब्यात स्वस्त रंग ओतून आणण्याला हाच एक उपाय. एका खोलीचा सगळा रंग एकाच वेळी, दुकानातल्या एकाच टिंटिंग (शेड मिसळायच्या) मशीनवर बनवून घ्या. दोनदा बनवलेल्या शेडमध्ये बारीक फरक राहतो आणि तो नेमका भिंतीच्या मधोमध दिसतो. दोन डबे झालेच तर मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मग वापरा.

लोखंड, लाकूड आणि जुना ऑइलपेंट

ग्रिलवर गंज तसाच ठेवून एनॅमल (ऑइलपेंट) मारलं तर पहिल्याच पावसात तपकिरी ओघळ येतात. तारेच्या ब्रशने गंज काढा, रेडऑक्साइड किंवा झिंकचा प्रायमर, वाळायला रात्र, मग ऑइलपेंटचे दोन हात, दोन्हींमध्ये रात्रभराचं अंतर. ऑइलपेंट पातळ करायला टर्पेंटाइन किंवा डब्यावर सांगितलेला थिनर. काही जण रॉकेल घालतात. रंग दोन-दोन दिवस चिकट राहतो आणि चमक जाते. वासावरून लगेच कळतं.

जुन्या घरांत दारांना आणि भिंतींच्या खालच्या पट्ट्याला जुना ऑइलपेंट असतो. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) आहे, आणि ती लागू झाली १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या आणि लाल रंगांत, शिसं असू शकतं. असा थर कोरडा घासू देऊ नका. पाणी मारून ओल्या पेपरने घासायचा, कचरा ओल्या फडक्याने उचलायचा. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्या दिवसांत त्यांनी दुसरीकडे राहावं. कामगारांनाही मास्क द्या. ते नको म्हणतील, तरी द्या.

बाहेरच्या भिंती

इमारतीचं बाहेरचं काम एकट्या रंगाऱ्याचं नाही. त्यात परांची किंवा झुला येतो, उंची येते. ठेकेदाराकडे कामगारांच्या अपघात भरपाईची विमा पॉलिसी आहे का, ती कामाच्या तारखांपर्यंत चालू आहे का, हे कमिटीने कागद हातात घेऊन बघावं. सेफ्टी बेल्ट झुल्याला नाही, गच्चीवरच्या वेगळ्या दोराला अडकवलेला हवा; झुलाच सुटला तर त्यालाच बांधलेला बेल्ट काय करणार? काम ऑक्टोबरअखेर ते मे यांतच उरका आणि तडे भरल्याशिवाय प्रायमर लावू देऊ नका. बाहेर आतली अ‍ॅक्रिलिक पुट्टी चालत नाही, पाण्याने ती मऊ पडते.

काम संपल्यावर

दिवसा आणि रात्री, दोन्ही उजेडांत एकदा सगळ्या खोल्या फिरा. छत आणि भिंत मिळतात ती रेघ सरळ आहे का, स्विच प्लेटभोवती पांढरी कड राहिली का, बिजागऱ्या रंगाने माखल्या का, खिडकीच्या काचांवर थेंब आहेत का. यादी एकाच वेळी द्या, रोज एक-एक दाखवलं की कोणीही कंटाळतो.

उरलेल्या रंगातला प्रत्येक शेडचा अर्धा लिटर घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात भरून ठेवा. डब्यावर खोलीचं नाव, कंपनी, रंगाचं नाव, शेडचा कोड आणि तारीख लिहा. दुकानातल्या टिंटिंगच्या स्टिकरचा फोटो मोबाइलमध्येही असू द्या. नवीन इमल्शनची भिंत पहिले तीन-चार आठवडे ओल्या फडक्याने पुसू नका, रंग तोवर पूर्ण पक्का झालेला नसतो.